अंधाराची पाच मिनिटं

ज्योतीरामला अंधारात बसायचा पगार मिळतो, असं त्याच्या कंपनीतली पोरं म्हणायची, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. चाकणच्या त्या फोर्जिंग कंपनीत एका कोपऱ्यात काळ्या पडद्यांची खोली होती. तिला सगळे बूथ म्हणत. बाहेर हातोडे धडाडत, लालभडक लोखंड इकडून तिकडे जाई, आणि आत ज्योतीराम जांभळ्या दिव्याखाली गाड्यांचे क्रँकशाफ्ट फिरवून फिरवून बघत बसे. शाफ्टवर लोखंडाच्या चमकत्या चुऱ्याचं पाणी सोडायचं, त्याला चुंबकाचा झटका द्यायचा, आणि बघायचं. जिथे केसाएवढी भेग असेल तिथे चुरा गोळा होतो आणि हिरवा पेटून उठतो. दिवसाउजेडी भिंगानेही न सापडणारी भेग त्या अंधारात आपणहून पुढे येते. सत्तावीस वर्षं तो हेच करत होता.

बूथमध्ये शिरल्यावर पाच मिनिटं काही करायचं नाही, असा त्याचा नियम होता. बाहेरच्या उजेडाने दिपलेले डोळे निवायला तेवढा वेळ लागतोच. नवी पोरं दोन मिनिटांत कंटाळून नग उचलायची आणि मग त्यांच्या हातून भेगा सुटायच्या. ज्योतीराम हात मांडीवर ठेवून निवांत बसे. आधी काहीच दिसत नसे. मग डोळ्यांपुढे रंग तरंगायला लागत, निळे, तांबूस, पिवळे, आणि त्या रंगांतून हळूहळू वसमतकडचं शेत वर येई, हळद शिजवायची मोठी कढई येई, तिच्या वाफेतून कुणीतरी पदर सावरत चाललेलं असे. गेली तीन वर्षं ती दुर्गाबाईच असे. ती काही बोलत नसे, नुसती वाफेतून चालत राही. पाच मिनिटं झाली की तो डोळे चोळून पहिला शाफ्ट ओढून घेई.

दुर्गाबाई म्हणजे त्याची बायको. तीन वर्षांपूर्वी छातीच्या कर्करोगाने गेली. फार उशिरा कळलं, असं डॉक्टर म्हणाले होते. डॉक्टर ते सगळ्यांनाच म्हणत असतील, पण ज्योतीरामच्या काळजात ते वाक्य जे रुतून बसलं ते निघालंच नाही.

योगिनी त्यांची एकुलती एक लेक. आई गेली तेव्हा ती एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि पोरीने पुस्तकांत असं काही डोकं घातलं की बापाला धास्तीच वाटावी. पुढे तिला निगडी प्राधिकरणातल्या एका कॉलेजात पीएचडीला जागा मिळाली. विषय काय घेतलास, असं त्याने विचारलं तेव्हा ती चऱ्होलीच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये भाकरी थापत होती.

"तुमचंच काम आहे, पप्पा," ती म्हणाली. "फक्त शाफ्टच्या जागी माणूस."

मग तिने परातीतल्या पिठावर बोटाने चित्र काढून समजावलं. लिंबाचा रस बंद भांड्यात तापवला की त्यातून कार्बनचे कण मिळतात. एका केसाच्या जाडीत दहा हजार बसतील एवढे बारीक. जांभळ्या दिव्याखाली ते हिरवे चमकतात. त्यांच्या अंगाला फॉलिक अ‍ॅसिड चिकटवायचं, गरोदर बायकांना ज्याच्या गोळ्या देतात तेच. कर्करोगाच्या काही पेशींना त्याची भारी हाव असते. साध्या पेशी बेताचं घेतात, या मात्र कणासकट गिळत सुटतात. मग वरून दिवा लावला की...

"भेग पेटती," ज्योतीराम म्हणाला.

"अगदी बरोबर! गाठ हाताला लागायच्या कितीतरी आधी. म्हणजे आज ना उद्या. सध्या बशीतल्या पेशींवरच चाललंय आमचं."

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. हाताला लागायच्या आधी, हे शब्द बापाला नेमके कुठे लागले ते पोरीला ठाऊक नव्हतं, आणि त्यानेही सांगितलं नाही.

सांगण्याऐवजी त्याने तिला एक वस्तू करून दिली. लॅबमध्ये फोटो काढायचं खोकं होतं, आत दिवा, वर कॅमेरा, पुढे बघायला काच. त्यात पेशींच्या छोट्या काचेच्या डिश ठेवायला धड जागा नव्हती. ज्योतीरामने भोसरीतल्या निरंजन नावाच्या मित्राच्या वर्कशॉपमधून अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे करून आणला. चार गोल खाचे, वर काळा रंग, आणि खाच्यांच्या तळाशी ठोकून उमटवलेले इंग्रजी आकडे, कारखान्यातल्या नगावर असतात तसे. पहिल्या खाच्यात फॉलिक अ‍ॅसिड लावलेल्या कणांची डिश. दुसऱ्या-तिसऱ्यात तुलनेच्या. चौथा रिकामा. योगिनीने तो ट्रे कौतुकाने अख्ख्या लॅबला दाखवला. बापाची कॉलर ताठ झाली, हे काय वेगळं सांगायचं!

वर्षभर तरी त्या ट्रेमध्ये काही खास चमकलं नाही. पहिली डिश बाकीच्यांपेक्षा दीडपट उजळ, कधी तेवढीही नाही. पोरगी घरी येऊन मुकाट्याने भांडी घासायची. आणि मग दसऱ्यानंतर एकदम आकडे उसळले. चारपट, पाचपट, सहापट. योगिनी गुणगुणायला लागली. आई गेल्यापासून घरात कुणी गुणगुणलं नव्हतं.

"सोमवारी मॅडम पेपर पाठवणार आहेत," नोव्हेंबरातल्या एका रविवारी तिने चहा घेता घेता सांगितलं. मॅडम म्हणजे तिच्या गाइड, पद्मजा मॅडम. "पाठवायच्या आधी तुम्ही बघायला पाहिजे. अख्ख्या पिंपरी-चिंचवडात तुमच्याइतकं चमकतं काम कुणी बघितलंय?"

"मी काय बघणार, माय. मला लोखंड कळतं."

"चला हो पप्पा, भाव नका खाऊ."

निघताना ती देव्हाऱ्यापाशी क्षणभर थांबली. तिथे दुर्गाबाईचा पितळी करंडा होता. त्यातली हळद तिने माहेराहून आणून स्वतःच्या हाताने दळलेली, शेवटची. योगिनीने करंड्याला हात लावून नमस्कार केला आणि गाडीची किल्ली उचलली. स्पाइन रोडला दुपारचं मवाळ ऊन होतं, ज्योतीराम मागे बसला होता, आणि पोरगी हेल्मेटच्या आत काहीतरी गात होती. त्याला वाटलं, हा रस्ता असाच लांबत जावा.

रविवार असल्याने लॅबमध्ये चिटपाखरू नव्हतं. योगिनीने काळे पडदे ओढले, ट्रेमध्ये डिश मांडल्या आणि दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"थांब," ज्योतीराम म्हणाला. "पाच मिनिटं."

"पप्पा, इथे कॅमेरा आहे. त्याला डोळे निवायला लागत नाहीत."

"मला लागतात."

ती हसली आणि खोलीतला दिवा मालवून शेजारच्या स्टुलावर बसली. अंधार झाला. फ्रीजची घरघर तेवढी ऐकू येत होती. ज्योतीरामच्या डोळ्यांपुढे सवयीने रंग तरंगायला लागले. निळा, तांबूस. वाफ. इथे दुर्गाबाई येईल असं त्याला वाटलं नव्हतं, ही जागा तिच्या ओळखीची नव्हती. पण ती आली. या वेळी ती थांबली आणि पोरीच्या स्टुलामागे उभी राहिली, दळण आणायला गेलेली बाई दारात उभी राहते तशी, हातात काहीतरी धरून.

"आई असती ना," योगिनी अंधारात हळूच म्हणाली, "तर तिला कळलं असतं का हो हे?"

"तिला लई कळायचं," तो म्हणाला.

"झाली पाच मिनिटं. लावू?"

बटण खटकलं. काचेमागे पहिला खाचा पेटून उठला. हिरवा, भरगच्च, जिवंत उजेड. बाकीचे तिन्ही काळोखात. योगिनीने श्वास रोखून बापाकडे बघितलं. त्या उजेडात तिचा चेहरा पाच वर्षांच्या पोरीसारखा दिसत होता, जत्रेत पाळण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या. ज्योतीरामला भरून आलं. त्याच्या तोंडात शाबासकी आलीच होती.

आणि तेवढ्यात डोळ्याने दगा दिला. सत्तावीस वर्षांचा डोळा तो, मालकाचं ऐकतो थोडाच! हा हिरवा जरा पिवळ्याकडे झुकलाय, त्याने सांगितलं. आणि उजेडाच्या मधोमध ती बारीक रेघ बघ, उभी, सरळ. पेशी काय पोलीस भरतीतल्या पोरांसारख्या रांगेत उभ्या राहतात?

ती रेघ कशाची ते ज्योतीरामला कळलं. तो ठोकून घेतलेला एकचा आकडा होता. आणि तो पिवळसर हिरवाही त्याच्या चांगलाच ओळखीचा होता.

कंपनीत लागला त्या वर्षीची गोष्ट. खंडेनवमीला सगळ्या मशिनींना हळद-कुंकू, झेंडू, नारळ. ज्योतीरामनेही मोठ्या भक्तीने बूथची पूजा केली, टेबलाला हळदीची पाच बोटं ओढली. दुसऱ्या दिवशी जो शाफ्ट उचलावा त्याच्यावर भेग. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याने चाळीस चांगले नग भंगारात काढले होते. जांभळ्या दिव्याखाली हळद चमकते, आणि अशी चमकते की खऱ्या भेगेने लाजावं. तेव्हापासून त्याच्या बूथची पूजा नुसत्या झेंडूवर भागायची आणि पोरं त्याला नास्तिक म्हणायची.

मिनिटभरच गेलं असेल, पण सत्तावीस वर्षांत इतकं लांब मिनिट त्याने बघितलं नव्हतं. उद्या पेपर जाणार. पोरगी गुणगुणतेय. कुणाला कळणार आहे? आयुष्यात पहिल्यांदा खोटा नग ओके करावा असं त्याला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. आणि लगेच हेही दिसलं की उद्या कुठेतरी कुणीतरी याच उजेडावर विसंबेल, आणि तो दिसला नाही म्हणून एखाद्या बाईला सांगेल की बाई, तुला काही नाही.

"योगिनी," तो म्हणाला, "ही डिश उचलून चौथ्या खाच्यात ठेव बरं."

"का?"

"ठेव तर."

तिने खोक्याचं दार उघडून डिश उचलली आणि चौथ्या खाच्यात ठेवली. उजेड पहिल्या खाच्यातच राहिला. रिकाम्या खाच्यात एकचा आकडा लखलखत होता, आणि डिश चौथ्या खाच्यात काळीठिक्कर.

ती बघतच राहिली.

"खंडेनवमीला पूजा केलती का खोक्याची?" त्याने शक्य तेवढ्या मऊपणे विचारलं.

"सगळ्यांनीच केली," ती म्हणाली. "मॅडमनी बाहेरून कुंकू लावलं. मी... मी ट्रेला लावली. पहिल्या खाच्यात. आईच्या करंड्यातली हळद, एक चिमूट. नंतर फडक्याने पुसली होती हो मी! त्याच आठवड्यात रस तापवायच्या भट्टीचा वेळही वाढवला होता. मला वाटलं, त्यानेच..." तिचा आवाज फाटला. "नाही. मला वाटलं, आईने केलं."

आणि ती रडली, तोंड दाबून, खांदे हलवत. ज्योतीरामने तिच्या पाठीवर हात ठेवला. आपण हे काय करून बसलो, असं त्याला वाटलं. आकडे ठोकून आणायची हौस त्याचीच होती.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि खाचा पुसायला घेतला. हातमोजे घालायचंही तिला सुचलं नाही. आकड्याच्या कोपऱ्यात काडी घालून घालून पुसलं, तीनदा, चारदा. उजेड विरत गेला आणि खाचा काळा झाला. ती हात बाहेर काढायला लागली आणि तशीच थबकली.

तिच्या बोटांची टोकं चमकत होती. अंगठा आणि पुढची दोन बोटं, कुंकू लावताना बायका धरतात तशी जुळलेली, पिवळसर हिरवी, जणू कुणी आतून दिवा लावला होता. दुर्गाबाईने दळलेली हळद.

"हात धुवून ये," ज्योतीराम म्हणाला.

ती हलली नाही. तिने बोटं जरा उलटीसुलटी केली. उजेड त्यांच्याबरोबर फिरला.

"योगिनी. साबण लावून धू. न्हाईतर जिथं हात लावशील तिथं हीच दिसल. मग खरं कधीच दिसायचं न्हाई."

"घरी करंड्यात फार थोडी उरलीय, पप्पा."

"मला ठाव हाय."

अजून क्षणभर ती तशीच बसली. मग उठली. अंधारात नळ सुटल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ आला. ज्योतीराम स्टुलावर बसून ऐकत होता. दिवा त्याने बंद केला होता. या खेपेला वाफेतून कुणी आलं नाही, नुसतं पाणी वाहत राहिलं.

ती परत येऊन बसली. "पाच मिनिटं," तीच म्हणाली.

पाच मिनिटं झाल्यावर दिवा लागला. खोकं काळंच दिसत होतं. ज्योतीरामने डोळे बारीक केले, थांबला, पुन्हा बघितलं. चौथ्या खाच्यात काहीतरी होतं. असलं तर असलं, नसलं तर नसलं, इतकं फिकं. मघाच्या झगमगाटात ते दोघांनाही दिसलं नव्हतं.

"उचल," तो कुजबुजला. "तिसरी काढ, आणि तिथं ठेव."

तिने धुतलेल्या हातावर मोजे चढवून तिसऱ्या खाच्यातली डिश काढली आणि ही तिथे ठेवली. तो फिका हिरवा ठिपका डिशबरोबर गेला. दुसऱ्या खाच्यात नेला, तिथेही गेला. पहिल्यात ठेवला, तिथेही तेवढाच, ना कमी ना जास्त. कॅमेऱ्याने आकडा दिला. पावणेदोन.

"पावणेदोन," योगिनी म्हणाली. "सहाचे पावणेदोन. मॅडमना फोन करते, उद्या पाठवू नका म्हणून. एवढ्याशा उजेडाला कोण विचारणार, पप्पा?"

ज्योतीराम काचेपाशी तसाच वाकलेला होता. "मोठी भेग कुणालाबी दिसती," तो म्हणाला. "तिला बूथ कशाला लागतो? त्यो शाफ्ट तर पोरं बाहेरच बाजूला काढतात. माझा पगार ह्याचाच हाय. एवढ्याशाचा." तो थांबला. "तुझ्या आईनं मला सांगितलं होतं, योगिनी. पयली शिफ्ट करून आलो होतो. म्हणली, इथं बारकं कायतरी हाताला लागायलंय, हरभऱ्याएवढं. मी जेवत होतो. म्हणलो, बघू. आठ महिने मी बघू म्हणत राहिलो, आणि ती पुन्हा बोलली न्हाई. दिवसभर दुसऱ्याच्या लोखंडातली भेग हुडकत होतो मी."

तीन वर्षं न बोललेलं त्या अंधारात बोलून झालं. त्याला पोरीकडे बघायचा धीर होईना. तो ठिपक्याकडेच बघत राहिला. ठिपका होता तिथेच होता, फिका, पण खरा.

फ्रीजची घरघर बंद पडली आणि खोली अगदी शांत झाली. मग योगिनीने मोजे काढल्याचा आवाज आला, आणि अंधारात चाचपडत तिचा हात त्याच्या मनगटापाशी येऊन थांबला. हात गार होता, त्याला साबणाचा वास येत होता, आणि तो अजून नीट वाळलाही नव्हता.

"अजून पाच मिनिटं बसू, पप्पा," ती म्हणाली.